भाचीला एम.एस्सी. हिमॅटॉलॉजीला घालावं का? माझं मत ‘नको’, तुम्ही बोला

मामा_खानापूर

भाचीनं बेळगावात बी.एस्सी. एमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनचं, केलं. तीन वर्षं झाली एका लॅबमध्ये आहे, पगार १६,०००. आता म्हणते, मामा, एम.एस्सी. करते, हिमॅटॉलॉजी (रक्ताचं शास्त्र) आणि रक्तसंक्रमण (रक्त चढवण्याचं), दोन वर्षांचं. बहिणीनं माझ्याकडं बोट दाखवलं, कारण फी मी भरणार.

मी मराठा लाइट इन्फंट्रीतून पेन्शनीत आलेला माणूस. रक्तातलं मला एवढंच कळतं की ते लाल असतं. खरं हिशेब कळतो. फी राहू दे बाजूला, दोन वर्षांचा बुडालेला पगारच ३ लाख ८४ हजार. आणि परत आल्यावर काय? तेच मशिन, तीच नळी. मी स्वतः उभं राहून बघितलंय. नळी मशिनच्या सुईखाली धरली, ‘टुक’ झालं, मिनिटभरात कागद बाहेर. त्यात एम.एस्सी. झालेली पोर काय वेगळं करणार? बटण दोनदा दाबणार?

त्यापेक्षा सरकारी भरतीची तयारी करावी, नाहीतर गावात कलेक्शन सेंटर काढावं, असं माझं मत. चुकत असेन तर सांगा. फक्त ‘शिक्षण कधी वाया जात नाही’ असलं काही सांगू नका, ते मी पलटणीत पोरांना सांगायचो.

जांभळी_टोपी

मामा, मी हाच कोर्स करतेय, दुसरं वर्ष. तुमच्या बटणाचंच सांगते.

गेल्या पावसाळ्यात, डेंग्यूच्या धामधुमीत, येळ्ळूरकडचे एक गृहस्थ बाहेरचा रिपोर्ट घेऊन आले. प्लेटलेट पेशी २२,०००. घरचे रडकुंडीला आलेले, पपईच्या पानांचा रस सुरू, पेशींच्या पिशवीसाठी दहा जणांना फोन झालेले. आणि हा माणूस खुर्चीत बसून चहा पितोय! ताप उतरलेला, अंगावर एक लाल ठिपका नाही, हिरड्यांतून रक्त नाही.

आम्ही स्लाइड ओढली. लीशमन हा रंग घातला, दोन मिनिटं थांबलो, त्यावर दुप्पट बफर (रंग नीट उतरावा म्हणून ठरावीक आम्लतेचं पाणी), दहा मिनिटांनी धुतली. स्लाइडच्या शेपटाकडं शंभराच्या लेन्सखाली बघितलं तर प्लेटलेटचे झुबके. एकेका झुबक्यात वीस-वीस, तीस-तीस. जांभळ्या टोपीच्या नळीत ईडीटीए असतं, रक्त गोठू नये म्हणून. काही जणांच्या रक्तात अशी अँटिबॉडी असते की त्या ईडीटीएतच प्लेटलेट एकमेकींना चिकटतात. अंगात नाही, फक्त नळीत. मशिन आकार बघून मोजतं, झुबका त्याला प्लेटलेट वाटतच नाही.

मग निळ्या टोपीच्या सायट्रेट नळीत परत रक्त घेतलं. आकडा आला १,७२,०००. त्या नळीत नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट असतं, म्हणून १.१ नं गुणायचं, म्हणजे १,८९,००० झाले. बटण दोनदा दाबलं असतं तर दोनदा २२,००० आले असते.

निपाणीचा_लॅबवाला

ताई, गोष्ट झकास, खरं ही गोष्ट एम.एस्सी.ची न्हवं. मी डीएमएलटी, म्हणजे लॅबचा डिप्लोमावाला, २००४ पासून ह्या धंद्यात. प्लेटलेट लाखाखाली आली की स्लाइड ओढल्याबिगर रिपोर्ट सोडायचा नाही, हे वस्तादानं पहिल्या आठवड्यात शिकवलं मला. एकदा न बघता सोडला तर सगळ्यांदेखत स्लाइडचा डबा माझ्या हातात देऊन ‘आता हे सगळं धू’ म्हणाला. ह्याला विद्यापीठ लागत नाही.

आणि मामा, मुख्य प्रश्न तुम्ही विचारलाच नाही. सही कुणाची? डिसेंबर २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टानं स्पष्ट केलं, लॅबच्या रिपोर्टवर सही पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिकलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच पाहिजे. मग एम.एस्सी. करा नाहीतर पीएच.डी. करा, कागदावर खाली नाव दुसऱ्याचंच. माझ्याकडं संध्याकाळी डॉक्टर येतात, स्लाइडी बघतात, सह्या करतात. उद्या तुमची भाची एम.एस्सी. होऊन माझ्याकडं आली तर जादा पगार कुठनं देऊ? विडीच्या कारखान्यातली बाई सीबीसीला (रक्तपेशींच्या मोजणीला) अडीचशे देताना पदराची गाठ तीनदा सोडते-बांधते. तिला सांगू, बाई, आमच्यात एम.एस्सी. आहे, चारशे दे?

शहापूरची_वहिनी

मी लॅबमधली नाही, सुई टोचून घेणारी आहे. तरी बोलते.

कॉलेजपासून मला ‘रक्त कमी’. बीट झालं, खजूर झाला, लोहाच्या गोळ्यांनी पोट बिघडवून घेतलं. हिमोग्लोबिन दहाच्या वर जायचं नाव नाही. चौथ्या महिन्यात तपासायला गेले तर ९.८. डॉक्टर परत गोळ्या लिहिणार, एवढ्यात लॅबमधली मुलगी कागद घेऊन आत गेली आणि म्हणाली, “सर, रक्त कमी आहे तर लाल पेशी ५० लाख कशा?” मला तिनं नंतर मराठीतच समजावलं. लोह कमी असलं की पेशी लहानही होतात आणि बहुधा संख्येनंही घटतात. माझ्या लहान होत्या, एमसीव्ही (पेशीचा सरासरी आकार) ६२, पण संख्या भरपूर. ६२ ला ५ नं (५० लाख म्हणजे ५ दशलक्ष) भागलं तर १२.४. तेराच्या खाली आलं की थॅलेसेमियाचा, म्हणजे आईबापांकडून येणाऱ्या रक्ताच्या दोषाचा, संशय घ्यायचा. म्हणाली, हा नुसता अंदाज, पक्की तपासणी वेगळी. एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी तपासणी, केली; त्यातला एचबीए२ हा प्रकार वाढलेला आला, ५.२ टक्के. मी थॅलेसेमिया मायनर. मला आजार असा काही नाही, पण नवराही तसाच निघाला असता तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता मेजर मुलाची, म्हणजे आयुष्यभर रक्त चढवत राहणं. ह्यांची तपासणी होऊन रिपोर्ट येईपर्यंतचे चार दिवस कसे गेले ते मलाच माहिती. नॉर्मल आले. (सासूबाईंचा पहिला प्रश्न: “आमच्या बाजूचं न्हवे न्हवं हे?”)

तिच्या आधी किती लॅबवाल्यांनी माझा तो कागद छापला असेल! आकडे सगळ्यांवर होते.

निपाणीचा_लॅबवाला

वहिनी, बाळ-बाळंतीण सुखरूप, आनंद वाटला. खरं एक विचारतो, ती मुलगी एम.एस्सी. होती का?

शहापूरची_वहिनी

विचारलं नाही हो. तेव्हा ते सुचण्यासारखी अवस्था नव्हती.

ब्लडबँक_नाइट

लॅबवाले, सहीचं तुमचं बरोबर आहे, पण तुम्ही सगळं हिमॅटॉलॉजी सीबीसीत कोंबताय.

माझी गोष्ट. रात्री दोन. बाळंतपणात रक्तस्राव, गट ओ लिहून आलेला. ओची पिशवी लावली, क्रॉसमॅच (पिशवीतलं रक्त पेशंटच्या रक्ताशी जुळवून बघणं) जुळेना. दुसरी लावली, जुळेना. मी डिप्लोमावाला, घाम पुसत तिसरी काढतोय. सोबतीला एक एम.एस्सी. झालेला पोरगा होता, नवीनच लागलेला. तो म्हणाला, थांब, रिव्हर्स (उलट बाजूनं गट) बघू. पेशंटच्या सीरममध्ये ए, बी आणि ओ, तिन्ही पेशी घातल्या. ओ गटाच्या माणसाचं सीरम ओ पेशींना काही करत नाही. हिचं सीरम त्यांनाही गोळा करत होतं, नळी हलवली तरी खालची लाल गुठळी फुटेना. मग अँटी-एच (एच अँटिजन ओळखणारं द्रव्य) घालून हिच्या पेशी तपासल्या, तिथं काहीच नाही. बॉम्बे गट.

१९५२ मध्ये मुंबईत डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा शोधला. ए आणि बी ज्या एच अँटिजनवर चढतात तो पायाच ह्यांच्यात नसतो, म्हणून साध्या स्लाइडवर तपासलं की ओ दिसतात, आणि ओचं रक्त दिलं तर जिवावर बेततं. भारतात साधारण दहा हजारांत एक धरतात. त्या पोरानं लगेच विचारलं, सख्खी भावंडं कुठं आहेत? कारण हा गट आईबापांकडून दोन्ही बाजूंनी यावा लागतो, भावंडांत सापडायची शक्यता चारात एक. भाऊ पहाटे आला, जुळला.

निपाणीचा_लॅबवाला

म्हणजे क्रॉसमॅचनं पकडलं, आणि क्रॉसमॅच लावली होती तुम्ही, डिप्लोमावाल्यानं! दहा हजारांत एकासाठी दोन वर्षं आणि मामांचे चार लाख?

ब्लडबँक_नाइट

क्रॉसमॅचनं ‘हे रक्त नको’ एवढंच सांगितलं. कुठलं पाहिजे आणि ते कुणाच्या अंगात मिळेल, हे नाही. मी सकाळपर्यंत पिशव्याच काढत बसलो असतो.

जांभळी_टोपी

मामा, व्यवहाराचंही बोलते. खेड्यातल्या लॅबमध्ये जादा पगार मिळणार नाही, लॅबवाले काका खोटं बोलत नाहीत. ही डिग्री उपयोगी पडते ती मोठ्या हॉस्पिटलात, रक्तपेढीत, शिकवण्यात आणि संशोधनात. मुंबईला परळमध्ये केईएमच्या आवारात इम्युनोहिमॅटॉलॉजीची (रक्तगट आणि अँटिबॉडींच्या शास्त्राची) राष्ट्रीय संस्थाच आहे. २०२१ च्या कायद्यानं आमच्यासारख्यांची नोंदणी आणि शिक्षणाचे किमान तास ठरवलेत, त्यामुळं पुढं सहा महिन्यांच्या सर्टिफिकेटवाल्यांची गर्दी कमी होईल अशी आम्हाला आशा. आणि सरकारी भरतीचं म्हणताय, तर भाचीला कन्नड वाचता-लिहिता येतं का ते आधी बघा. मला बोलता येतं, अर्ज भरताना दातखीळ बसते.

निपाणीचा_लॅबवाला

हे मात्र शंभर टक्के.

मामा_खानापूर

सगळं वाचलं, अर्धं भाचीला वाचून दाखवलं. तिला विचारलं, तुझ्याकडं पेशी कमी आल्या की काय करतेस गे? म्हणाली, स्लाइड ओढते. खरं बफर संपून दोन महिने झाले, नळाचं पाणी घालतोय, सगळी स्लाइड निळीभोर येते, काही ओळखू येत नाही. मालकाला सांगितलं तर म्हणतो, मशिनचा आकडा दे, लोकांना आकडा पाहिजे असतो.

हे तिनं मला आजवर सांगितलं नव्हतं. एम.एस्सी.बद्दल माझं मन अजून हललेलं नाही, ते वहिनींचं सोडून. तिथं जरा हललं. पण त्या लॅबमध्ये ती पुढच्या महिन्यात नसणार, एवढं नक्की.

निपाणीचा_लॅबवाला

माझ्याकडं पाठवा की. बफर आहे, मायक्रोस्कोप चांगला आहे, पगार १८ देतो. संध्याकाळी डॉक्टरांच्या शेजारी बसून स्लाइडी बघायच्या, त्याची फी नाही.

मामा_खानापूर

खानापुरातनं निपाणी? पहाटे चारला उठून निघायचं?

निपाणीचा_लॅबवाला

खोली बघून ठेवतो, माझ्या बहिणीच्या घरात वरच्या माळ्यावर आहे. जेवण बहिणीकडंच.

मामा_खानापूर

नंबर निरोपात टाका. बहिणीशी बोलतो.

जांभळी_टोपी

मामा, प्रवेशाची तारीख तेवढी चुकवू नका, अर्ज भरून ठेवायला काही जात नाही!