उत्तर: टीव्हीवरची घासाघीस आणि गहाणाचा खरा हिशोब

एका वाचकाने विचारलंय की लास वेगासच्या गहाणाच्या दुकानावरच्या टीव्ही कार्यक्रमात लोक दोन मिनिटं घासाघीस करून पैसे घेऊन जातात, मग आपले गहाणवालेच (दागिने ठेवून कर्ज देणारे सावकार) लुटारू कसे? तिथं बहुतेक वस्तू थेट विकलेल्या दाखवतात. गहाणात वस्तू तुमचीच राहते, व्याज भरून ती सोडवायची असते.

खानदेशात पेरणीच्या तोंडावर पोत (सोन्याच्या मण्यांची माळ) गहाण पडते आणि कापूस विकला की सुटते. तेव्हा वजन समोर करून घ्या. २० ग्रॅमच्या पोतीत पोकळ मण्यांत भरलेली लाख (राळेसारखा पदार्थ) ३ ग्रॅम धरली, तर उरतात १७. २२ कॅरेटचं असेल तर शुद्ध सोनं साधारण १५.६ ग्रॅम. कसोटीवर फक्त कडीच घासू नका, मणीही घासायला लावा. कडी आणि मणी वेगवेगळ्या कसाचे निघू शकतात. पावतीवर एकूण आणि निव्वळ, दोन्ही वजनं हवीत. नुसतं ‘पोत १ नग’ लिहिलं तर सोडवताना वाद ठरलेलाच.

व्याजाचं बघा. महाराष्ट्र सरकारच्या २०१४ च्या अधिसूचनेप्रमाणे परवानाधारक सावकाराला तारण कर्जावर शेतकऱ्याकडून वर्षाला ९ टक्के, इतरांकडून १५ टक्के घेता येतात. चक्रवाढ चालत नाही, मुद्दलापेक्षा जास्त व्याजही नाही. ५०,००० वर सहा महिन्यांचे शेतकऱ्याचे २,२५० होतात. महिना ‘शेकडा तीन’ने तेच ९,०००! गहाणवाल्यांची बदनामी इथून आली आहे, आणि ती रास्त आहे. तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे (सहकार खात्याचा अधिकारी) करा, पावतीची झेरॉक्स जोडून.