सरकारी कचेरीतली उन्हाळी इंटर्नशिप बिनमानधनी का?

कॉटबेसिस_नारायणपेठ
मी एम.ए. राज्यशास्त्राला आहे. नव्या शैक्षणिक धोरणामुळे पहिल्याच वर्षी ४ क्रेडिटचं ओजेटी, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या जागी प्रशिक्षण, करावं लागतं. धोरण कसं राबवलं जातं ते जवळून बघायचं म्हणून मी गेल्या उन्हाळ्यात इथल्याच एका सरकारी कार्यालयात सहा आठवडे गेले. मानधन शून्य. मे महिन्यात मैत्रिणी घरी गेल्या, मी कॉटचं भाडं आणि मेसचे पैसे भरत पुण्यात थांबले. वडिलांनी त्यासाठी उसने पैसे घेतले, हे मला नंतर कळलं.

आता योजना बघा. मुख्यमंत्री फेलोशिपला चांगलं मानधन आहे, पण पदवी, ६० टक्के गुण आणि वर्षाचा अनुभव लागतो. २०२४ च्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावीला ६,०००, आयटीआय किंवा पदविकेला ८,००० आणि पदवीला १०,००० रुपये विद्यावेतन ठरलं, पण शिक्षण चालू असेल तर अपात्र. नीती आयोग विद्यार्थ्यांना घेतो, मात्र मानधन देत नाही आणि दिल्लीत राहायचं स्वतःच्या खर्चाने. म्हणजे शिकत असताना सरकार आतून बघायचं, तर घरी पैसा हवा. लातूर-बीडच्या मुलीने काय करायचं? आणि धोरणं तर तिच्याच गावासाठी आखली जातात.

काम काय मिळालं? सहातले चार आठवडे आवक-जावक नोंदवही.

निवृत्त_वरिष्ठ_लिपिक
तुझी अडचण खरी आहे. पण टेबलाच्या या बाजूचंही ऐक. राज्य सरकारचा बदल्यांचा कायदा २००५ चा, त्यानुसार सर्वसाधारण बदल्या एप्रिल-मे मध्येच होतात. ज्या साहेबांनी मुलांना घेतलं ते दहा दिवसांत दुसरीकडे रुजू. नवे साहेब विचारतात, ही मुलं कोणाची? मग मुलांचा अहवाल नस्तीला, म्हणजे फायलीला, लागतो आणि तिथेच राहतो. माझ्यासमोर असे अहवाल कपाटात गेलेत, वाईट वाटायचं. मानधन दिलं तरी हे बदलणार नाही. आधी काम ठरवा, पैशाचं नंतर बोलू.

सिंहगडरोडकर
काम नाही हे मला अजिबात मान्य नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यातल्या आंबिल ओढ्याला पूर आला, माणसं गेली. तेव्हापासून दर मे महिन्यात पावसाळापूर्व नालेसफाई झाली की नाही यावर आपण भांडतो. महापालिकेची १५ क्षेत्रीय कार्यालयं आहेत. प्रत्येकाला चार विद्यार्थी द्या, एकेका नाल्याची सफाईआधीची आणि नंतरची नोंद घेऊ द्या, आणि ती लोकांसमोर ठेवा. जानेवारी २०२५ मध्ये आमच्या भागात जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले आणि संशय दूषित पाण्यावर गेला, तेव्हा कुठल्या सोसायटीत पाणी कुठून येतं, विहिरीचं की टँकरचं, हे घरोघर जाऊन विचारावं लागलं. ही माहिती उन्हाळ्यातच तयार हवी, साथ आल्यावर नव्हे.

निवृत्त_वरिष्ठ_लिपिक
नाल्यावर विशीतली मुलं उभी करणार आणि ठेकेदाराची माणसं अंगावर आली तर? त्यांच्याकडे ना ओळखपत्र, ना लेखी आदेश. काही झालं तर जबाबदार कोण, हे आधी कागदावर हवं.

वर्गातून
मी शिकवतो, आणि मानधनाला माझा विरोध आहे. बिनमानधनी जागेसाठी मनापासून यायचं असणारेच येतात. पैसे ठेवले की जागा मोजक्या होतात आणि शिफारशीच्या चिठ्ठ्या सुरू होतात. युवा प्रशिक्षण योजनेतल्या मुलांनी पुढे ‘आम्हाला कायम करा’ म्हणून आंदोलनं केली. त्यांची चूक म्हणत नाही, काम करून घेतलंत तर अपेक्षा वाढणारच. पण शिकण्याची जागा आणि नोकरीची जागा एकदा मिसळली की शिकणं मागे पडतं.

कॉटबेसिस_नारायणपेठ
सर, माझ्या वर्गातल्या एकीला मनापासून यायचं होतं. ती त्या उन्हाळ्यात कपड्यांच्या दुकानात उभी राहिली, कारण तिथे पैसे मिळत होते. तिचं मन कमी पडलं असं कसं म्हणता?

आपल्या विद्यापीठात कमवा व शिका योजना आहेच. तासाच्या हिशेबाने पैसे मिळतात, ग्रंथालयात, विभागात, बागेत मुलं राबतात, आणि तिथे कायम करा असं कोणी म्हणत नाही. तीच योजना सुट्टीत क्षेत्रीय कार्यालयापर्यंत न्या. निवड विद्यापीठाने करावी, म्हणजे चिठ्ठीचा प्रश्न येणार नाही. ओळखपत्र आणि आदेश महापालिकेने द्यावेत. काकांचा तो मुद्दा मला पटला.

वर्गातून
कमवा व शिकाचा विचार मी केला नव्हता. सुट्टीतल्या तासांचा खर्च विद्यापीठाने उचलायचा की महापालिकेने, यावर अडेल. तरी विभागाच्या बैठकीत मांडतो.

निवृत्त_वरिष्ठ_लिपिक
एक सांगतो, रागावू नकोस. आवक-जावकला चार आठवडे बसवलं हे चूकच. पण पहिला आठवडा प्रत्येकाला तिथेच बसवावं असं माझं मत आहे. कुठला अर्ज कधी आला, कुठल्या टेबलावर किती दिवस राहिला, सगळं त्या वहीत असतं. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने प्रत्येक अधिसूचित, म्हणजे सरकारने यादीत जाहीर केलेल्या, सेवेला मुदत घालून दिली आहे. वहीतल्या तारखा त्या मुदतीशेजारी मांड. धोरण कुठे अडतं ते तुला दिसेल.

कॉटबेसिस_नारायणपेठ
काका, मी रोज त्या तारखा लिहीत होते. शेजारी मुदत मांडायची, हे मला तिथे कोणीच सांगितलं नाही.