चवथीपासून नाताळापर्यंत दारात येणारी पावतीपुस्तकं: तुमचे अनुभव लिहा

फोंड्याहून (धागा सुरू करते)
चवथीचा दुसरा दिवस. माटोळीखालची (गणपतीवर टांगतात त्या फळापानांच्या छताखालची) आरती नुकतीच आटोपलेली, घर पाहुण्यांनी भरलेलं, माझ्या हातात नेवऱ्यांचं ताट आणि दारात दोन तरुण. गळ्यात ओळखपत्रं, हातात लॅमिनेट केलेलं पत्र: एका मुलाच्या ऑपरेशनसाठी मदत. मी ५०१ रुपये दिले. खरं सांगायचं तर दया आली म्हणून नव्हे, पाहुण्यांसमोर नाही म्हणवेना म्हणून. संध्याकाळी शेजारच्या वैनी आल्या, तर त्यांच्याकडेही तीच पावती. माझा क्रमांक १७. त्यांचाही १७. दोन्हींवर ‘नोंदणीकृत’ असं ठळक छापलेलं, नोंदणीचा क्रमांक मात्र कुठेच नाही. पत्रावरचा फोन आजतागायत बंद.

आता नरकासुर, जत्रा, नाताळ असा सगळा हंगाम पुढे आहे. कसे गंडलात, कसे वाचलात, लिहा. नावं नकोत, प्रकार सांगा.

म्हापशाहून
नाताळाआधीचा शुक्रवारचा बाजार. चोरिसांच्या (गोव्याच्या सॉसेजच्या) माळा टांगलेल्या रांगेत एक बाई डबा घेऊन उभी. डब्यावर वृद्धाश्रमाचा फोटो आणि क्यूआर कोड. स्कॅन केला तर मोबाइलवर नाव आलं कुठल्याशा एंटरप्रायझेसचं. विचारलं तर म्हणाली, “आश्रमाचं खातं अजून उघडायचंय, हे आमच्या सरांचं.” मागून लोक “बाय, मुखार वच गो” (पुढे जा गं) करून ढकलत होते. त्या गर्दीनेच मी पिन टाकायच्या बेतात होते. नाव वाचलं नसतं तर गेलेच होते पैसे.

पर्वरीहून
वरच्या ताईंना जोडून: नाव आणि पत्ता अक्षर न् अक्षर वाचा. २०२० च्या मार्चमध्ये पीएम केअर्सच्या यूपीआय पत्त्यातला एकच ‘एस’ गाळून बनावट पत्ता फिरवला होता. घाईत कोण बघतो?

काणकोणहून
आमचं उलटंच झालं. देणाऱ्याने घेणाऱ्याला लुबाडलं. मी आमच्या जत्रेच्या समितीचा खजिनदार. एक दिवस फोन: “मी तुमचा मुंबईचा कुळावी, आपला देव आमचं कुलदैवत, यंदा यायला जमत नाही, अभिषेकाचे ५००१ पाठवतो.” बोलणं इतकं गोड, वर आमच्या भटजींची चौकशीही केली. मग व्हॉट्सॲपवर क्यूआर आला, “हा स्कॅन करून पिन टाका, म्हणजे रक्कम समितीच्या खात्यात पडेल.” पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, हे मला माहीत होतं हो! पण देवाचं काम, त्यात समोरचा कुळावी. टाकला पिन, आणि ५००१ आले नाहीत, गेले.

अर्ध्या तासात १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावला. त्यामुळे त्यातले दोन हजार पुढच्या खात्यात गोठवले गेले. ते परत यायला काही महिने गेले. उरलेले मी माझ्या खिशातून भरले, कारण समितीत सांगायची लाज वाटली. भीड भिकेची बहीण म्हणतात ती हीच. इथे पहिल्यांदा सांगतोय.

साखळीहून
जन्मभर हिशेब लिहिले, म्हणून कोरडं लिहितो. “करात सूट मिळेल” असं कुणी म्हणाला की संस्थेचा पॅन आणि ८०जी (देणगीवरच्या करसवलतीचं कलम) मान्यतेचा क्रमांक मागा. २००० च्या वर रोख दिलीत तर ८०जीची सूट नाही. नव्या कररचनेत तर ती मुळातच नाही. संस्था खरी असेल तर ती वर्ष संपल्यावर फॉर्म १०बीई, म्हणजे देणगीचं प्रमाणपत्र, देते, साध्या पावतीवर भागवत नाही. मला एकाने सांगितलं, “पाच हजार रोख द्या, पंधराची पावती फाडतो.” त्याला चहा पाजला आणि वाटेला लावला. (चहा पाजायला नको होता, असं आमची मंडळी अजून म्हणते.)

मडगावहून
माझी गोष्ट थोडी बोचणारी आहे. असेच धागे वाचून वाचून मी एका मुलीला दारातून हाकललं. विशेष मुलांच्या शाळेसाठी पणत्या विकत होती. नंतर कळलं, शाळा खरी, पणत्याही त्या मुलांनीच रंगवलेल्या. दिवाळीनंतर मी शाळेत जाऊन धनादेश दिला. तीच मुलगी ऑफिसात बसली होती. तिने पावती लिहिली, मान वर केली नाही.

वाळपईहून
आमच्या वाड्यावर पैसे देतच नाहीत. तांदूळ, नारळ घ्या म्हणतो. खोटे लोक नारळ उचलत नाहीत, जड असतो.

फोंड्याहून
काल पुन्हा बेल वाजली. माणसं दुसरी, पत्र तेच. आई पुढे झाली. “बस रे पुता, पाणी घे,” म्हणाली आणि चष्मा लावून पावतीपुस्तकाची मागची पानं उलटायला लागली. स्थळप्रती सगळ्या कोऱ्या. पाणी आणेपर्यंत दोघंही फाटकाबाहेर. पुस्तक आईच्याच हातात राहिलं. आता त्यावर ती दुधाचा हिशेब लिहिते.