मदत हवी आहे: मेश वायफायच्या कुपनांचा हिशेब

नमस्कार मंडळी. कोपरखैरण्यात गच्च्यांवर सामायिक वायफायचं जाळं (मेश) आहे: राउटरांवर ओपनडब्ल्यूआरटी ही मुक्त प्रणाली, डेटाची वाट ठरवायला बॅटमॅन-अ‍ॅडव्हान्स्ड, जोडण्या 5 गिगाहर्ट्झवर. ज्याचा राउटर दुसऱ्यांचा डेटा पुढे नेतो त्याला त्या प्रमाणात डिजिटल कुपनं मिळतात, ती वर्गणीत वळती होतात.

अडचण मोजणीची. इंटरफेसचे आकडे घेतले तर पुढे पाठवलेलं प्रत्येक पॅकेट दोनदा धरलं जातं, येताना आणि जाताना. म्हणून बॅटमॅनच्या बॅटसीटीएल या आज्ञेच्या स्टॅटिस्टिक्समधला फॉरवर्ड बाइट्सचाच (पुढे पाठवलेल्या डेटाचा) आकडा घेतो. पण राउटर रीस्टार्ट झाला की तो शून्यावर येतो, आणि पावसाळ्यात वीज किती वेळा जाते ते सांगायला नको. दर मिनिटाला फ्लॅशवर (राउटरच्या कायम मेमरीवर) लिहावं तर फ्लॅश झिजते. शिवाय या राउटरांत बॅटरीवरचं घड्याळ नाही. एनटीपीने (नेटवरून) बरोबर वेळ मिळेपर्यंत नोंदींची वेळ चुकीची.

सध्याचा विचार असा: दर 5 मिनिटांनी आकडा एमक्यूटीटीने (छोटे संदेश पाठवायची पद्धत) सर्व्हरकडे, वेळ सर्व्हरने लावायची. सोबत अपटाइमही (राउटर किती वेळ सलग चालू आहे ते) हवा, कारण रीस्टार्टनंतर आकडा आधीपेक्षा पुढे गेला तर रीस्टार्ट झाला हे नुसत्या आकड्यावरून कळत नाही. 5 मिनिटांची मोजणी बुडाली तर बुडू दे.

खरा प्रश्न: आकडा राउटरमालकाच्याच हातात, त्याने फुगवला तर? शेजारच्या राउटरांशी ताडून बघणारी व्यवस्था कोणी चालवली आहे का?

दुसरं, खालचा किराणावाला कुपनं घ्यायला तयार आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमांत, देणाऱ्याच्याच सेवेपुरतं वापरायचं प्रीपेड साधन मान्यतेशिवाय चालतं. तिसऱ्याकडे चालवलं की गोष्ट वेगळी. यातून कोणी वाट काढली असेल तर सांगा, अंदाज नकोत.