विषय: आई-बाबांच्या वॅगन-आरचा रंग – सोलापूरकरांनो, मत द्या

प्रेषक: जुळे सोलापूर (मुक्काम लीड्स)

इंग्लंडातल्या सोलापूरकर मंडळी, नमस्कार,

दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी चालू आहेत, त्यात मध्येच वेगळा विषय काढतोय.

सोलापूरला आई-बाबांसाठी गाडी घ्यायची आहे. जुनी ऑल्टो थकली आणि बाबांचे गुडघेही. वॅगन-आर उंच आहे, साडी नेसून आईला सरळ आत बसता येतं, म्हणून तीच ठरली. लहान गाड्यांवरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे पैशांचंही जमतंय. घोडं पेंड खातंय ते रंगापाशी.

आईला निळा हवाय, तो पूलसाइड ब्लू. बाबा म्हणतात पांढरा, कारण त्यांच्या सगळ्या मित्रांकडे पांढरीच आहे. हिंजवडीचा भाऊ म्हणतो मॅग्मा ग्रे, "जरा स्टँडर्ड वाटतं". शोरूमवाला म्हणतो निळीला थांबावं लागेल, पांढरी आणि सिल्व्हर म्हणाल तेव्हा देतो. पाडव्याला गाडी दारात हवी असेल तर शुक्रवारपर्यंत रंग सांगायचाय.

गाडी उघड्यावर, कडुनिंबाखाली उभी राहणार. वापर म्हणजे बँक, भाजी, दवाखाना, गुरुवारी अक्कलकोट, अधूनमधून तुळजापूर. धुणार बाबा स्वतः. माणूस ठेवू म्हटलं तर म्हणाले, "कशाला बे, माझे हात काय मोडलेत का?"

काय घ्यावं?


प्रेषक: नवी पेठ (मुक्काम शेफील्ड)

इकडे यायच्या आधी चाकणला गाड्यांच्या पेंट शॉपमध्ये नोकरी केली, त्यामुळे या विषयावर गप्प बसणं शक्य नाही. मेल लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी हे बघा की त्या यादीत पांढरा तेवढा सॉलिड आहे, बाकीचे मेटॅलिक जातीचे. सॉलिड म्हणजे नुसतं रंगद्रव्य. मेटॅलिकमध्ये ॲल्युमिनियमच्या बारीक चकत्या असतात, पर्लमध्ये अभ्रकाच्या. गाडीचा सांगाडा आधी टाकीत बुडवून वीज सोडून अस्तर चढवतात, गंजापासून खरं रक्षण तेच करतं. मग प्रायमर, मग रंग, आणि शेवटी पारदर्शक क्लिअर कोट. सगळं मिळून शंभर-सव्वाशे मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). त्यात ज्याच्यावरून आपण घरी भांडतो तो रंगाचा थर सगळ्यात पातळ, पंधरा-वीस मायक्रॉनचा. तुम्ही हात फिरवता, पुसता, ओरखडता तो क्लिअर कोट, साधारण चाळीस मायक्रॉन. माणसाचा केससुद्धा त्याहून जाड असतो.

हे एवढ्यासाठी सांगतोय की सोलापुरात गाडीला ओरखडा पडणार हे धरूनच चालायचं. नवी पेठेतून गाडी काढून दाखवा एकदा. सॉलिड पांढऱ्यावर डेंटिंग-पेंटिंगवाला एक दार मारतो आणि रंग बऱ्यापैकी जुळतो. मेटॅलिकमध्ये रंग फवारायच्या गनचं प्रेशर, अंतर, थिनर यातलं काही बदललं की चकत्या वेगळ्या कोनात बसतात. रंगाचा कोड तोच, डबाही तोच, तरी उन्हात ते दार वेगळं दिसतं. म्हणून चांगला पेंटर शेजारच्या पॅनलवरही हलका हात मारून मिसळतो, आणि बिल वाढतं. सिल्व्हर तर याबाबतीत फारच चुगलखोर.

आता ऊन. अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेने २०११ मध्ये एक काळी आणि एक सिल्व्हर होंडा सिव्हिक तासभर उन्हात शेजारीशेजारी उभी केली. सिल्व्हरच्या आतली हवा पाच-सहा अंशांनी कमी तापली. टपाच्या पत्र्यात तर त्याहून कितीतरी मोठा फरक पडला. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४३ ला टेकतो, तिथे पाच अंश म्हणजे थट्टा नाही. ग्रे बाद करा. माझं मत पांढरा.


प्रेषक: बाळीवेस (मुक्काम ब्रॅडफर्ड)

नवी पेठ भावोजी, मायक्रॉन कळले. पण तुम्ही गाडी रंगवलीत, पुसलेली दिसत नाही.

आमच्याकडे सासऱ्यांची काळी गाडी होती. सकाळी पुसली की आरसा, आणि दूध घेऊन परत येईपर्यंत वर बोटाने नाव लिहावं इतकी धूळ. मामंजी दिवसातून दोनदा फडकं घेऊन उभे. कोरड्या फडक्याने ती काळी माती रगडली की बारीक गोल गोल रेषा उमटतात. सावलीत दिसत नाहीत, ऊन पडलं की कोळ्याने जाळं विणल्यासारखं बॉनेट. ग्रे आणि गडद निळ्यालाही तेच.

दुसरं पाणी. उजनी धरण भरलेलं असो नाहीतर रिकामं, नळाला पाणी चार-पाच दिवसांआड. ते पाणी कोण गाडीवर ओतणार? मग बोअर चालू करायचा. बोअरचं पाणी असं जड की उन्हात वाळलं की पांढरे ठिपके राहतात, घासून निघत नाहीत. पांढऱ्या आणि सिल्व्हरवर ते दिसत नाहीत, गडद रंगावर देवीचे व्रण वाटतात. काकांना सांग, ऊन चढायच्या आधी, अर्धी बादली पाणी, आणि लगेच टॉवेलने टिपायचं. टॉवेल विकत घ्यायची गरज नाही, सोलापुरात घराघरात कपाटभर असतात. नवा लांब लुपांचा टेरी घ्यायचा, कारण त्याच्या लुपांत कचकच अडकते आणि रंगावर घासत नाही. जुना, धुऊन कडक झालेला अजिबात नको.

आणि एक गोष्ट पुरुषमंडळी कधी बोलत नाहीत. पूजा. पाडव्याला गाडी आली की आई बॉनेटवर ओल्या कुंकवाने स्वस्तिक काढणार. हल्लीच्या कुंकवात रंग असतो, पांढऱ्यावर गुलाबी छटा मागे राहते. हळदीचा डाग उन्हाने आपोआप उडतो, कुंकवाचं तसं नाही. स्वस्तिक काचेवर काढायला सांग. झेंडूचा हार दोऱ्याचा घ्या, तारेचा नको. माझ्या जावेच्या नव्या गाडीवर पहिला ओरखडा हाराच्या तारेचा आहे, शोरूमपासून घरी येईपर्यंत ते टोक बॉनेटवर घासत होतं.

रंग मातीशी जुळणारा घ्यावा. पांढऱ्यावर पावसाळ्यात खालच्या अर्ध्या भागाला चिखलाचे शिंतोडे उठून दिसतात, तो काही फार गुणाचा नाही. माझं मत सिल्व्हर.


प्रेषक: होटगी रोड (मुक्काम यॉर्क)

इकडे ब्रिटनमध्ये २०१८ पासून दरवर्षी नव्या गाड्यांत सगळ्यात जास्त खपणारा रंग करडा. आभाळ करडं, रस्ता करडा, गाडी करडी. भावाला सांग, एवढी हौस असेल तर इकडे ये.

जाता जाता: कोणी मिलिटरी हिरवा सुचवायच्या आत सांगतो, केंद्रीय मोटार वाहन नियमांत ऑलिव्ह ग्रीन फक्त सैन्याच्या गाड्यांना राखून ठेवलाय. आणि आत्ता पांढरी घेऊन नंतर आईसाठी निळी रंगवू असा बेत असेल तर आरसी बुकावर रंग लिहिलेला असतो. आरटीओची नोंद, विमा कंपनीला कळवणं, सगळं लचांड मागे लागतं. जे घ्यायचं ते एकदाच घ्या.


प्रेषक: अशोक चौक (मुक्काम हडर्सफील्ड)

अरे पोरांनो,

पांढरा पांढरा काय लावलंय? डफरीन चौकात उभं राहून बघा, पांढऱ्याच पांढऱ्या. आमचे साडू गड्ड्याच्या यात्रेच्या वेळी होम मैदानाच्या बाजूला गाडी लावून नंदीध्वज बघायला गेले. परत आले आणि दुसऱ्याच्याच गाडीचं दार ओढत बसले. मालक आला, वर यांनाच चोर ठरवलं. एमएच १३, पांढरी, वॅगन-आर एवढ्यावर गाडी सापडत नसते. या वयात माणसाला आपली गाडी लांबून ओळखू यायला पाहिजे.

उन्हाचं म्हणाल तर बाबा बारा वाजता गाडी काढतात का? सोलापुरात एप्रिल-मेमध्ये बारा ते पाच कोण बाहेर पडतं? सकाळी अक्कलकोट, दर्शन, प्रसाद, दहा-साडेदहाला घरी. पाच अंशांचं कौतुक ज्याला दुपारी कोर्टाच्या आवारात गाडी लावायची आहे त्याला.

आणि मुख्य मुद्दा. तुम्ही सगळे पावसात बसून तिकडच्या धुळीवर चर्चा करताय. गाडी चालवणार बाबा, बसणार आई. तिला निळी पाहिजे तर तिला विचार, निळीच का? दोन महिने थांबायची तयारी आहे का? पाडवा काय दरवर्षी येतो.


प्रेषक: नवी पेठ (मुक्काम शेफील्ड)

अशोक चौक काका, दुपारचा मुद्दा मान्य. खरं तर गाडी तापते ती पत्र्यापेक्षा काचेतून जास्त. काळी फिल्म लावायचा विचार नको, सुप्रीम कोर्टाने २०१२ मध्ये ती बंद केली. समोरच्या काचेला आतून चंदेरी पडदा लावा, कुठल्याही रंगाला उपयोगी पडेल.

पण ओळखू येण्यावरून आठवलं. ऑस्ट्रेलियाच्या मोनॅश विद्यापीठाने २००७ मध्ये अपघातांच्या नोंदी तपासल्या, तर दिवसाउजेडी काळ्या गाडीला पांढरीपेक्षा अपघाताचा धोका सुमारे १२ टक्क्यांनी जास्त निघाला. करड्या आणि सिल्व्हरचं फार मागे नव्हतं. डांबराच्या रंगाची गाडी डांबरावर उशिरा दिसते, साधी गोष्ट आहे. कारखाने सुरू झाले की आपल्याकडच्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्या, त्यांना मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. आपण त्यांना चुकवायचं, आणि समोरच्याला आपण दिसायचं.

कडुनिंबाखाली गाडी लावणार असाल तर पाखरांची विष्ठा तेवढी लगेच काढा. आम्लधर्मी असते, उन्हात क्लिअर कोट खाते. ओला टॉवेल वर ठेवून भिजू द्यायचं आणि उचलायचं. नखाने खरवडायचं नाही. रंग कोणताही असो.


प्रेषक: जुळे सोलापूर (मुक्काम लीड्स)

मंडळी,

काकांचं ऐकून आईला फोन केला. निळीच का, विचारलं. तर म्हणाली, "मी निळी कुठं म्हणले? त्यांनी पांढरी म्हणले म्हणून मी निळी म्हणले. पांढरी नको, ती रुग्णवाहिका वाटते." तिघांत निळी कोणालाच नको होती आणि आपण तिच्यासाठी पाडवा पुढे ढकलायला निघालो होतो.

मग दोघांना परत शोरूमला पाठवलं. या वेळी सांगितलं की आत ट्यूबलाइटखाली बघू नका, डिलिव्हरीसाठी बाहेर उन्हात उभ्या असतील त्या बघा. व्हिडिओ कॉल चालू होता. सिल्व्हर उन्हात डोळ्यांवर येत होती, आईने पदर आडवा धरला. ग्रे जवळून ठीक, पण बाबांनी तिच्यावर बोट फिरवून मला स्क्रीनवर ती रेघ दाखवली आणि पुढे गेले. कोपऱ्यात एक तपकिरी उभी होती, नटमेग ब्राउन. आपल्या चर्चेत तिचं कोणी नावही काढलं नव्हतं. कुठल्या तरी गावाहून आलेली, टायरांना माती लागलेली, धुतलेली नव्हती. बाबा दोन वेळा तिच्याभोवती फिरले. म्हणाले, "ही धुतलीय का नाही तेच कळेना." तेवढ्यावर ठरलं.

आईला दारातून आत बसून बघायला सांगितलं, बसली, आणि उतरायचं नावच घेईना. काका, होम मैदानावर सापडेल बहुतेक. नवी पेठ, ती मेटॅलिक आहे हे माहीत आहे, दार रंगवायची वेळ आली की तुम्हालाच फोन करणार. वहिनी, स्वस्तिक काचेवर काढायचं आईला पटलं, हाराचं मात्र बाबा म्हणाले की फुलवाला ओळखीचा आहे, दोऱ्यात ओवून देईल.

गाडी पाडव्याच्या आधी मिळतेय. शोरूमने बिलाचा कच्चा कागद पाठवलाय, त्यात पेंट कोटिंगचे वेगळे पैसे लावलेत. घ्यावं का?


प्रेषक: नवी पेठ (मुक्काम शेफील्ड)

अभिनंदन! उन्हात नेऊन बघितली हे एक काम सगळ्यांत शहाणपणाचं झालं.

कोटिंग नको. कारखान्यातून क्लिअर कोट भट्टीत पक्का होऊन येतो, त्याच्यावर शोरूममध्ये जे चोळून देतात ते बहुतेक वेळा चांगल्या मेणापलीकडे काही नसतं. मेणाचा डबा आणून बाबांनी पावसाळ्याआधी आणि नंतर हाताने लावावा, त्यांना तेवढाच उद्योग. रंगाचा कोड गाडीवरच्या पट्टीवर असतो, पहिल्याच दिवशी त्याचा फोटो काढून ठेवा. आणि कोटिंगची रक्कम वजा करून पक्कं बिल लेखी मागा, तोंडी "बघतो साहेब" यावर जाऊ नका.


प्रेषक: बाळीवेस (मुक्काम ब्रॅडफर्ड)

फ्लोअर मॅट आणि सीट कव्हरचे पैसेही त्यातच धरलेले असतात, तेही नीट बघ. आणि फराळाची यादी उद्या बंद करतेय, तुझ्या चकल्या अर्धा किलो लिहिल्यात, एवढ्याच का?