पर्यायी रस्ता हवाच, पण फाटक लावून

दरडीच्या वेळी गावं अडकू नयेत म्हणून जंगलातून पर्यायी रस्ता काढायचं म्हटलं की, पाठोपाठ प्लॉटिंग येतं अशी भीती घातली जाते. ती भीती खरी आहे. पण आम्ही पाटण तालुक्यातली माणसं. जुलै २०२१ मध्ये आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं दरडी कोसळल्या, तेव्हा वाटेत पाणी आणि राडा असल्यानं मदत वेळेत पोचली नाही. ते अजून डोळ्यासमोरून जात नाही.

अमेरिकेच्या हवाई बेटावर पाहोआ गावाकडे २०१४ साली लाव्हा सरकत होता. हायवे १३० हा तिथला मुख्य रस्ता तुटला तर पुना नावाचा खालचा अख्खा भाग अडकणार, म्हणून लाव्हा पोचण्याआधीच रेलरोड ॲव्हेन्यू आणि गव्हर्नमेंट बीच रोड खडी टाकून वाहतुकीला तयार केले. लाव्हा हायवेच्या अलीकडेच थांबला. म्हणून तो खर्च वाया गेला असं मला वाटत नाही.

त्यांना तयारीला काही महिने मिळाले. दरड तेवढीही सवड देत नाही.

माझं म्हणणं एवढंच: डांबर नको, एकेरी मुरमाचा रस्ता करा. दोन्ही टोकांना फाटक आणि किल्ली गावातच, पोलीस पाटलांकडे. आणि उन्हाळ्यात मोऱ्या साफ करायचं काम ग्रामसभेत आधीच ठरवून घ्या.