पितळी स्टोव्ह: पंपाचा दांडा आपोआप वर येतो

पितळवेडा (नौपाडा): कळव्याच्या भंगारवाल्याकडून पंपाचा जुना स्टोव्ह घेतलाय. हवा भरली की दांडा वर येतो, पंपातून रॉकेल झिरपतं. वॉशर बदलू? आणि चिंचेनं घासला तर चालेल?

अडगळ (वाशी): वॉशर नाही, पंपाच्या तळाचा व्हॉल्व्ह गेलाय. चामडी वॉशर सुकला असता तर दांडा हलका लागला असता, हवाच भरली नसती. दाब सोडा, टाकी रिकामी करा, दांडा काढा, लांब किल्लीनं व्हॉल्व्ह सोडवा. आत स्प्रिंग आणि रबरी टिकली असते. टिकलीवर गोल वळ पडला की हवा उलटी येते. नवी कापताना नायट्रिल रबरच घ्या. सायकलच्या ट्यूबचं रबर रॉकेलमध्ये फुगतं.

काकडा: वॉशर उघडलाच आहे तर रात्रभर तेलात ठेवा. वॉशर वाटीसारखा असतो, त्या वाटीचं तोंड टाकीकडे, उलटा बसवला तर पंप मरतो. नंतर कोरड्या टाकीत हवा भरून बादलीत बुडवा, बुडबुडे दिसतील तिथे गळती. पण रॉकेलच्या वाफा आत असताना गळतीला डाग (सोल्डर) देऊ नका, भडका उडेल! चिंच चालेल, लगेच धुवून पुसा. बफिंग (मशीनवर पॉलिश) मात्र नको, कंपनीचा शिक्का झिजला की संग्रहात किंमत शून्य.

पितळवेडा: टिकली काढली. वळ नखाला लागतोय.

अडगळ: मग तीच. तूर्त उलटी घालून बघा.